गल्लीतल्या पाइपाचा खर्च कुणी करायचा?

मुंबईच्या पाण्यासाठी पैसा कधी कमी पडलेला नाही. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर. मग अप्पर वैतरणा आलं, भातसा आलं, २०१४ मध्ये मध्य वैतरणा आलं. शहराची तहान वाढली की कुणीतरी कर्ज काढलं, अनुदान मिळवलं, कर लावला आणि धरण उभं केलं. आज रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी, बहुतांश शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून, मुंबईत येतं. देवनारच्या कचराडेपोच्या पायथ्याशी, गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगणवाडीच्या आतल्या गल्ल्यांत मात्र तेच पाणी कॅनमध्ये भरून विकत घ्यावं लागतं.

पैसा इतक्या लांबून येतो आणि नेमका इथे येऊन थांबतो. तो का थांबतो, ते पाहू.

मुंबईच्या पाण्याचा हिशेब वेगळा ठेवला जातो, हे फार थोड्या मुंबईकरांना माहीत असतं. १९७३ मध्ये जागतिक बँकेकडून मुंबईच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण प्रकल्पासाठी साडेपाच कोटी डॉलरचं कर्ज आलं. पुढे १९७८ आणि १९८७ मध्ये आणखी दोन कर्जं आली. कर्ज देणाऱ्याची अट साधी होती. पाण्याचा पैसा रस्त्यांत, दवाखान्यांत मिसळायचा नाही, पाणी विकून जमेल त्यातून पाण्याचं कर्ज फिटलं पाहिजे. त्यातून पालिकेचा अर्थसंकल्प ‘ग’ वेगळा निघाला, आणि तो आजही आहे. मीटरवरची पाणीपट्टी त्यात जमा होते, मलनिःसारण आकार जमा होतो. मालमत्ता कराच्या बिलात ‘जललाभ कर’ नावाची एक ओळ असते, तीही पाण्याच्याच कामाला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात त्या कराचा हेतू लिहिलेला आहे: पाणीपुरवठ्याच्या भांडवली कामांचा खर्च भागवणं.

ही रचना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिकांकडे हे नाही. तिथे पाणीपट्टीचा पैसा पगारात विरतो, पंपाचं वीजबिल थकतं आणि योजना बंद पडते. मुंबईत तसं झालं नाही, त्याचं श्रेय या वेगळ्या हिशेबाला द्यायलाच हवं.

मोठ्या कामांना इतर वाटाही मिळाल्या. मध्य वैतरणेला ‘जेएनएनयूआरएम’ या केंद्राच्या योजनेचा हात मिळाला. त्या योजनेत मोठ्या शहरांसाठी केंद्राने ३५ टक्के, राज्याने १५ टक्के द्यायचे आणि उरलेला निम्मा भार पालिकेने उचलायचा, असं सूत्र होतं. आता गारगाईचं धरण पुन्हा पुढे सरकतंय. वाडा तालुक्यातली ओगदा, खोडदे ही गावं त्यासाठी पाण्याखाली जातील, दोन लाखांहून जास्त झाडं जातील आणि मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे, पहिल्या टप्प्यात २०० दशलक्ष लिटरचा. हजारो कोटींची ही कामं आहेत आणि त्यांना पैसा मिळेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोवंडी-देवनारच्या आमच्या एम पूर्व विभागासाठीही मोठं काम झालेलं आहे. अमर महलजवळच्या हेडगेवार उद्यानापासून ट्रॉम्बेच्या उंचावरच्या जलाशयापर्यंत साडेपाच किलोमीटरचा जलबोगदा खोदला गेला. जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास, खडक कापत, यंत्राने. देवनार, गोवंडी, चेंबूरचा काही भाग यांना जास्त दाबाने पाणी मिळावं म्हणून. अभियंत्यांचं हे काम अभिमान वाटावा असंच आहे.

आता बोगद्यातून वर या आणि बैंगणवाडीच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. मोठ्या रस्त्याखाली पालिकेची जलवाहिनी आहे. तिथपर्यंतचा प्रत्येक रुपया सार्वजनिक आहे. तिथून पुढचा पाइप, म्हणजे नळजोडणीचा ‘सर्व्हिस पाइप’, अर्जदाराने स्वतःच्या खर्चाने, परवानाधारक प्लंबरकडून टाकून घ्यायचा असतो. इमारतीला हे जड जात नाही. वाहिनी दारात असते, पाइप चार पावलांचा आणि खर्च पन्नास घरांत वाटला जातो. वस्तीत वाहिनी दूर असते. पाच-दहा घरांनी गट करायचा, एकाला सेक्रेटरी नेमायचं, कागद जमवायचे, वर्गणी काढायची आणि अर्धा-पाऊण इंची पाइप पार कोपऱ्यापासून ओढत आणायचा.

गटाराच्या कडेला हे पाइप पाहायला मिळतात. काळे, निळे, गंजलेले, एकमेकांत गुंतलेले, काहींवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. बरेचसे गटाराच्या पाण्यात बुडालेले. चावीवाल्याने पाणी सोडलं की जेमतेम तास-दीड तास पाणी येतं. एवढ्या बारीक आणि एवढ्या लांब पाइपातून ते आपसूक येत नाही, म्हणून मोटर लावायची. मोटरने खेचलं की जिथे सांधा ढिला आहे तिथून गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. पहिलं पाणी काळं येतं, ते सोडून द्यायचं. घरची बाई बोट बुडवून, वास घेऊन ठरवते की आता हंडा लावायचा. रोज.

ही सगळी पाणीयोजनाच आहे, आणि तिचं भांडवल लोकांच्या खिशातलं आहे. पाइप त्यांचा, मोटर त्यांची, वीजबिल त्यांचं, टाकी आणि पिंपं त्यांची. ज्याला हेही जमलं नाही, त्याने ज्याला जमलं त्याच्याकडून पाणी विकत घ्यायचं.

विकतच्या पाण्याचा हिशेब मांडू. पस्तीस लिटरचा कॅन. भाव गल्लीनुसार बदलतो, उन्हाळ्यात चढतो. आपण दहाच रुपये धरू. म्हणजे हजार लिटरला २८६ रुपये झाले. पालिकेने २०२२ मध्ये ठरवलेला झोपडपट्टीचा दर आहे हजार लिटरला ५ रुपये २८ पैसे. चोपन्न पट.

पाच माणसांचं कुटुंब घ्या. माणशी ४५ लिटरच धरा, कारण पालिकेचं नियोजन वर्षानुवर्षं याच मापावर चाललं: इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीतल्याला ४५. महिन्याला ६,७५० लिटर झाले. पालिकेच्या दराने त्याचे ३६ रुपये होतात. कॅनने घेतलं तर १,९२९ रुपये. म्हणजे महिन्याला जवळपास १,९०० रुपये जास्त, वर्षाला बावीस हजार सातशे. अशी हजार कुटुंबं धरली तर वर्षाला दोन कोटी सत्तावीस लाख.

या आकड्याचं मोल कळण्यासाठी पुण्याला जाऊ. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. अहमदाबादने १९९८ मध्ये वाट दाखवली होती, नाशिकनेही त्यानंतर लगेच रोखे काढले होते. पुण्याचं कौतुक झालं आणि घाई अंगाशी आली तीही आठवते. रोखे आधी निघाले, कामाच्या निविदा नंतर रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. पण मला तो व्याजदर हवा आहे. ७.५९ टक्क्यांनी तीस कोटी रुपये उचलले तर वर्षाचं व्याज होतं सुमारे दोन कोटी सत्तावीस लाख.

म्हणजे गोवंडीतली हजार कुटुंबं कॅनपोटी जे जादा मोजतात, तेवढ्यात तीस कोटींच्या कर्जाचं व्याज भरून निघतं. तीस कोटींत हजार घरांच्या गल्ल्यांत किती पाइप पडतील, हे कुठल्याही जलअभियंत्याला विचारा.

तरीही बैठकीच्या खोलीत बसून ‘झोपडपट्टीवाले काही भरत नाहीत’ असं म्हटलं जातं. मी हे शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी संताप आला आहे. ते भरतात. पालिकेच्या झोपडपट्टी दराच्या चोपन्न पट भरतात. ते पैसे अर्थसंकल्प ‘ग’पर्यंत पोहोचत नाहीत, एवढंच.

त्यांची वस्ती बेकायदा आहे, हे दुसरं नेहमीचं उत्तर. शिवाजीनगर-बैंगणवाडीचे चौकोनी प्लॉट आणि सरळ गल्ल्या नकाशात पाहा. सत्तरच्या दशकात पालिकेनेच ही वसाहत आखली, शहरातून उठवलेल्या लोकांना इथे आणून बसवलं. शेजारचा चिता कॅम्पही असाच. १९७६ मध्ये जनता कॉलनी हलवून लोकांना तिथे नेलं. ज्यांना सरकारने स्वतः आणलं, त्यांच्या पुढच्या पिढ्या आणि नंतर येऊन टेकलेले लोक आज एकाच रांगेत कॅन घेऊन उभे आहेत.

१९९६ च्या शासनाच्या परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. पाणी हक्क समिती ही संघटना न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. मे २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. हक्क मान्य झाला, धोरणही आलं. पाइपाचा खर्च मात्र जिथे होता तिथेच राहिला, अर्जदाराच्या खिशात. ज्याला वर्गणी जमवता येते, त्याचाच हक्क नळापर्यंत पोहोचतो.

आता दरवाढीकडे वळू, कारण तिथे आपल्या राजकारणाचा खरा कल दिसतो. २०१२ च्या धोरणानुसार पाणीपट्टी वर्षाला कमाल आठ टक्क्यांनी वाढवायची मुभा प्रशासनाला आहे. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली. २०२३ मध्ये पुन्हा प्रस्ताव आला आणि राजकीय विरोध होताच थांबवला गेला. मुंबईकरांना दिलासा, अशा बातम्या छापून आल्या. हा दिलासा केवढा? इमारतीचा दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, महिन्याचे वीस हजार लिटर. पाण्याचं बिल होतं १२९ रुपये. आठ टक्के म्हणजे दहा रुपये. मलनिःसारण आकार धरला तर सतरा-अठरा. इमारतीतल्या एका कुटुंबाचे महिन्याला दहा रुपये वाचवण्यासाठी पुढारी धावले. त्या दहा रुपयांत बैंगणवाडीत एक कॅन येतो.

ज्याच्याकडे मीटर आहे त्यालाच दरवाढ रोखल्याचा फायदा होतो. कॅन घेणाऱ्याला एका पैशाचाही नाही. करसवलतीची गोष्टही तीच: १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. सोळा लाखांवर घरं. माफीच्या वेळी वर्षाला ४६२ कोटींचा भार सांगितला गेला. मध्यमवर्गीयाला सवलत मिळाली याचं मला दुःख नाही. पण त्या बिलात जललाभ कराची ओळही होती. पाण्याच्या भांडवली कामांसाठी कायद्याने नेमून दिलेला पैसा सोडून देताना कुणी हात आखडला नाही. गल्लीतल्या पाइपाचं नाव काढलं की हात आखडतो.

पैसा नाही, हे मला कुणी सांगू नये. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. मुदत ठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात. त्यातला मोठा भाग भविष्यनिर्वाह निधी, ठेकेदारांच्या अनामती, ठरलेले प्रकल्प यांसाठी बांधलेला आहे, हे मान्य. पण अर्थसंकल्पच एवढा मोठा असताना वस्तीतल्या वाहिनीपुरतं निघत नाही, हे पटणार नाही. आणि देवनारसाठीही पैसा निघतो. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या इथल्या डेपोतली १८५ लाख टन घाण उचलायला पालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा काढली. डेपोतली १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनाला द्यायचं त्याआधीच ठरलं होतं. कचऱ्याचा डोंगर हटावा, ही इथल्या लोकांची कैक वर्षांची मागणी होती. त्या धुराने इथली मुलं खोकत वाढली. पण डोंगर हटवायला पैसा निघाला तो जमिनीची दुसरीकडे गरज पडल्यावर. पायथ्याशी राहणाऱ्यांच्या नळासाठी तशी घाई कुणाला नाही, कारण त्यांच्या नळाखालच्या जमिनीला सध्या गिऱ्हाईक नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतरचे तीन अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. गोवंडीच्या गल्लीसाठी सभागृहात आरडाओरडा करणारा माणूसच तेव्हा नव्हता.

२००६-०७ च्या सुमारास अंधेरीच्या के पूर्व विभागात पाणीवाटप सुधारण्याचा अभ्यास जागतिक बँकेच्या मदतीने झाला. हे खासगीकरणाचं पहिलं पाऊल आहे म्हणून लोक उठले आणि पुढचं काम थांबलं. विरोध योग्य होता. पण गोवंडीत पाण्याचं खासगीकरण कधीचंच झालेलं आहे. तिथे दर ठरवायला कुठली सुनावणी नाही, पाणी तपासायला कुणी अधिकारी येत नाही, तक्रारीला खिडकी नाही. के पूर्वसाठी जे रस्त्यावर आले, त्यांनी इकडे यावं.

हे सोडवता येतं आणि सोडवलं गेलंय. कंबोडियात नॉम पेन्ह शहराची पाणीसंस्था १९९३ मध्ये मोडकळीला आली होती. वाहिनीतलं ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. एक सोन चान नावाच्या अभियंत्याने ती हातात घेतली. बड्या थकबाकीदारांचे नळ तोडले, दर वाढवले, परदेशी कर्ज घेतलं. आणि गरीब वस्तीतल्या जोडणीचा खर्च ऐपतीप्रमाणे तीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत संस्थेने स्वतः उचलला, उरलेला हप्त्याने घेतला. पाण्याच्या गाडीवाल्याकडून महाग पाणी घेणारी घरं संस्थेची गिऱ्हाइकं झाली. गळती सहा टक्क्यांपर्यंत उतरली. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये संस्था शेअर बाजारात उतरली. गरिबाला नळ देऊन ती बुडाली नाही. मुंबईत आजही पाण्याचा तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि हिशेबाबाहेरच्या वापरात जातो. बैंगणवाडीतल्या गटारात बुडालेले सांधे त्यातलेच आहेत. चांगल्या वाहिनीने तेही पाणी वाचेल.

तर माझी मागणी सरळ आहे. पाणीपट्टी आठ टक्के वाढवा. मी देवनारचा, मीटर असलेला रहिवासी आहे आणि मी ती भरेन. ती वाढ अर्थसंकल्प ‘ग’मध्ये एका वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवा: वस्तीतल्या गल्लीपर्यंत पालिकेच्या खर्चाने जलवाहिनी. एम पूर्वपासून सुरुवात करा. पालिकेच्याच २००९ च्या मानवी विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत शेवटी होता, त्यामुळे यादीत पहिला कोण यावर वाद नको. विभागवार किती पैसा गेला ते दरवर्षी छापा.

आणि जोडणीचा खर्च फुकट देऊ नका म्हणत असाल, तर देऊ नका. पाण्याच्या बिलातून हप्त्याने घ्या. घरामागे महिन्याला दोनशे रुपये, पाच वर्षं, म्हणजे बारा हजार रुपये. दोनशेचा हप्ता आणि छत्तीसचं पाणी मिळून २३६ रुपये, वर मलनिःसारण आकार. आज १,९२९ रुपये मोजणारं घर हे बिल पहिल्या महिन्यापासून भरेल. ते छापून पाठवायचं काम तेवढं पालिकेने करायचं आहे.